शिरोशिळा

कार्ड मीच लिहिलंय:
शिरोशिळा. महापाषाणीय दफन. वजन अंदाजे अठ्ठावीस टन.
पृष्ठभागावर वाटीसारखे एकोणीस खळगे, प्रयोजन अज्ञात.
दक्षिण जोल्ला. धरणक्षेत्रातून स्थलांतरित.

मंगळवारी दुपारी माल-सुन आजी आली,
दोन बस बदलून, डोक्याला जांभळा रुमाल.
नाव सांगताना हसली. चार मुलींनंतरची पाचवी,
ही तरी शेवटची असू दे म्हणून ठेवलेलं.
तिनं कार्ड वाचलं नाही. दोरी ओलांडली
आणि दगडावर हात ठेवला,
जसा अंधाऱ्या गोठ्यात गाईच्या पाठीवर ठेवतात,
आपणच आहोत हे तिला कळावं म्हणून.

गजर वाजला. पहारेकरी धावला.
अहो, ती म्हणाली, हा आमच्या परसातला आहे.

ह्याच्यावर मिरच्या वाळायच्या, ऑक्टोबरात, लालभडक.
आम्हाला ठसका लागला की आई म्हणायची,
खालच्यालाही लागत असेल.
ह्या वाटीत मी रानदवणा कुटलाय, भावाच्या गुडघ्यासाठी.
ह्या वाटीत चिमण्या पाणी प्यायच्या.
ही फार खोल. ही कुणाची, नाही माहीत,
आमच्या आधीची.

मी वहीत उतरवत होतो.
एकोणिसांपैकी अकरांचं प्रयोजन अर्ध्या तासात कळलं,
आणि एकही कार्डावर घेता येणार नव्हतं.

सणाला तांदळाची दारू आधी ह्याच्या पायथ्याशी, मग आम्हाला.
खाली कोण, ते कधी विचारलं नाही.
शेजाऱ्याला कुणी वय विचारतं का?

मग एकदम वळली:
आणि तो? त्याला कुठं ठेवलंत?

मी काचेकडे बोट केलं. लाल, घोटीव मडकं.
टोक मोडलेली दगडी कट्यार.
हाडं नाही मिळाली, म्हटलं,
तिथली माती आंबट, सगळं खाऊन टाकते.

म्हणजे तो तिथंच आहे, पाण्याखाली,
ती म्हणाली. तुम्ही नुसतं झाकण आणलंत.

साडेचारची बस कुठून सुटते ते विचारून गेली.
पहारेकऱ्यानं दोरी परत लावली, जरा सैलच.

सहाला दिवे मालवताना
मी पहिल्यांदा गुडघे टेकून शिळेखाली पाहिलं:
चार पोलादी टेकू, पुसलेली फरशी,
मध्यभागी कुणा शाळकरी पोराची पेन्सिल.

काढायला हात घातला.
पुरला नाही.