खिडकी क्रमांक एक

आधी कागद, मग माणूस.
बावीस वर्षं हेच चाललं माझ्या खिडकीत:
नाव, वय, राहणार, दहा रुपये सुट्टे द्या,
मग शिक्का, मग आत.

आता घरतबाई दारातच बसतात,
ॲम्ब्युलन्सच्या उतारावर, प्लास्टिकच्या खुर्चीत,
खिशात तीन रंगांच्या फिती.
बोटाला चिमटा लावतात,
कपाळाचा घाम उलट्या हाताने बघतात.
लाल फीत सरळ आत.
पिवळी बाकावर, तिच्याकडे पंधरा मिनिटांनी पुन्हा यायचं.
हिरवीने थांबायचं,
आणि हिरवीच सगळ्यात जास्त भांडते.

"साहेबांचा माणूस आहे मी,"
अंगठा कापलेला एक जण पामबीचपर्यंत ऐकू जाईल असा.
"बरं झालं, आवाज चांगला आहे.
ज्यांना निघत नाही त्यांना बघून येते."

माझ्याकडे कागद मागाहून येतात,
कधी तर बिननावाचे:
पुरुष, अंदाजे पन्नास, तुर्भे नाक्यावरून आणला.
मला राग आला होता, खोटं कशाला बोलू?
वाशीतली अर्धी माणसं या खिडकीपुढे वाकली आहेत.

रात्री डबा उघडला, भाजीला हळद जास्त झालेली,
आणि तो आठवला.
मसाला मार्केटातला माथाडी,
बंडीवर हळदीचा डाग, टोकन सतरा.
ढकलाढकली नाही, हाक नाही,
सुट्टे पैसे मुठीत आधीच मोजलेले.
"आडनाव?"
"ढेबे."
"ढ ढगातला की ध धरणातला?"
तो हसला थोडंसं.
डावा हात उजव्याने धरून उभा होता.
मला वाटलं, गोणी लागली असेल.

टोकनावर वेळ होती दोन तेरा.
कागदावर माझा शिक्का, दोन चौपन्न.
मधली एक्केचाळीस मिनिटं
कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.
आतून कागद परत आला तेव्हा
मी फक्त आडनाव बरोबर आहे का ते पाहिलं.
बरोबर होतं.

बाईंना यातलं काही बोललो नाही.
त्यांच्या खुर्चीचा एक पाय उतारावर डुगडुगत होता.
एक केसपेपर घेतला, चार घड्या घातल्या,
खाली बसून पायाखाली सारला.
"आता बघा."
त्यांनी पाहिलंही नाही, रिक्षा आली होती,
फीत दातात धरून त्या धावल्या.

कोरा होता तो कागद.
घडी घालण्याआधी दोन्ही बाजूंनी बघितला होता.