तळाला बोटभर

भांडं कधी पुरतं रितं करायचं नाही.
दस्तगीर शिकलगारांनी तोंडानं एवढंच शिकवलं,
बाकीचं मी पोळून घेऊन शिकलो.

उद्यमनगरात, मागल्या बोळाला,
एका अंगाला लेथ, एका अंगाला बिडाचं कास्टिंग घासणारी माणसं,
मधल्या पत्र्याच्या खोपीत माझं हे वीतभर भांडं.
सकाळपासून तोटी गळतीय.
थेंब पडतो, गोठतो, त्यावर दुसरा;
दुपारपर्यंत खाली शिशाचं शेण.

गळती म्हणजे दांडीच्या टोकाला घाण बसली.
दांडी उपसायची, व्हॉल्व्हची पेस्ट लावायची,
दोन बोटांत धरून फिरवायची, उलट, सुलट.
घाई केली तर टोक वाकडं झिजतं
आणि मग जन्मभर गळतं.

टायरवाल्याकडनं चाकाची वजनं येतात, किलोवर.
हल्ली त्यात जस्ताचीही असतात.
पक्कडीनं चावून बघायचं:
शिसं मुकाट दबतं, जस्त करकरतं.
एक जरी चुकून विरघळलं की अख्खं भांडं
लापशी होऊन बसतं, साच्यात उतरत नाही,
जिगची मुंडी अर्धीच भरते, डोळ्याच्या जागी खड्डा.

मग मेण. पोळ्याचं, हरभऱ्याएवढं.
धुरतं, पेट घेतं. ढवळायचं
आणि पळीनं वरची मळी ओढून घ्यायची.

माझा बाप गुळव्या. वडणग्याच्या गुऱ्हाळावर
काहिलीतली मळी अशीच ओढायचा, मनगट तेच.
काहील कधी उतरवायची ते तो बुडबुड्यावरनं ओळखायचा.
मी रंगावरनं. वर मोरपिशी साय धरली
म्हणजे आच जास्त झाली.
तिथं पोरं उसाचं कांडं बुडवून चाटायची.
इथं माझ्या पोरीला उंबरा बंद.
घरी गेलो की आधी मोरीत, कोपरापर्यंत साबण,
शर्ट वेगळ्या बादलीत,
मग ती गळ्यात पडते.
तोवर दारात उभी, हात मागं बांधून,
बाईंनी वर्गाबाहेर काढल्यासारखी.

बावड्याची पोरं जिग नेतात, मरळीसाठी.
निम्मे राजाराम बंधाऱ्याच्या दगडांत अडकून तुटतात.
मे महिन्यात पाणी उतरलं की
तीच पोरं फटीफटीतनं वेचून पिशवीनं आणतात.
हुक गंजलेले, मुंड्या शेवाळलेल्या,
काही माझ्या, काही दस्तगीरचाचांच्या.
त्यांच्या साच्याला हनुवटीखाली चीर होती, त्यावरनं कळतं.

एका साली वाळवायची घाई केली.
दोन दिवस ऊन दिलं, तिसरा दिला नाही.
एखाद्या मुंडीच्या पोटात नदीचा थेंब राहिला असणार.
भांडं ओकलं.
पत्र्याला ते शिंतोडे अजून आहेत,
आणि माझ्या डाव्या भुवईत एक पाऊलवाट.
शेजारचा लेथ थांबला तेवढ्यापुरता,
मग परत सुरू.

चाचा आता लेकीकडं, इचलकरंजीला.
हात थरथरतो, बशी धरवत नाही.
फोनवर ना बायकोचं विचारतात, ना पोरीचं.
"तळाला ठिवलंयस न्हवं बोटभर?"
ठेवलंय म्हणतो.

रिकामं राहिलं की तळ गंजतो, हे एक कारण.
नवं घातलेलं लवकर पाझरतं, हे दुसरं.
बायको एकदा दारातनंच बघून म्हणाली,
"विरजणच की हे तुमचं."
तेव्हापासून हिशेब लागत नाही.
चाचांनी पहिल्या दिवशी ओतलेलं
कितीतरी वेळा बंधाऱ्याला गेलं, परत आलं,
आणि त्यातलं काही कुठंच गेलं नाही,
इथंच, तळाला, प्रत्येक नव्याला
आपली ऊब देत राहिलं.

आजचं काम झालं. बटण बंद.
वर साय धरते, मध्ये हळूच दबते.
तोटीला शेवटचा थेंब लोंबतो.
मी बिडी न पेटवता बघत बसतो,
पडतोय का.