शर्यत

अशोक चौकाजवळच्या शाळेत
श्रावंती गुंड्याल पोत्यात पाय घालून उभी.
पुढे टायर, शिडी, सुतळीचं जाळं.

मी शिट्टी बोटाला गुंडाळत सांगत होतो :
शर्यत म्हणजे मुळात शर्त, अरबीतली.
आधी अट. धावणं मागाहून चिकटलं.

"सर, आमच्या तेलुगूत पंदेम.
पैज पण तीच, पळणं पण तेच.
आई रोज लावते –
हजार विड्यांना दोरा बांधून झाला
तरच मैदान."

म्हणजे ही
एक आधीच पळून आली होती.
बोटांना तंबाखूचा वास.

शिट्टी.
जाळ्यात वेणी अडकली.
ती सोडवत बसली, एकेक गाठ,
मागावरचा धागा सोडवावा तशी,
आणि बाकीच्या पुढे.

चौथी आली.
सुतळी शाबूत.