खूणगाठ

टेक्सासवाले आज पुन्हा आलेत.
एल्पिडिओने गाडीच्या टपावर
पत्र्याचं पिंप बांधून आणलंय,
कचऱ्याचं, कोरं, किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेलं.
गेटवरचा माणूस मान हलवतो: आत नाही नेता येणार.
दरवर्षी नाही नेता येत.
दरवर्षी तो आणतो.

पिंप परत टपावर बांधून
आम्ही वर चढतो, स्वस्तातल्या जागांकडे,
जिथून लॉस एंजेलिसचे डोंगर धुरकट, जांभळट दिसतात
आणि खेळाडू साबुदाण्याएवढे.

आठ वर्षं झाली.
त्या संघातले बहुतेक पांगले,
कुणाचे गुडघे गेले, कुणी घोडे पाळतो म्हणे.
आता बॅट फिरवत येतोय तो पोरगा
तेव्हा सातवीत असेल, वर्गात पेंगत.
तरी आम्ही त्याची हुर्यो उडवतो,
अगदी बेंबीच्या देठापासून.
सदरा तोच आहे ना.

चोरी साधी होती.
झेलणारा मांड्यांमध्ये बोटं लपवून खूण करतो:
एक बोट, सरळ आणि वेगात. दोन बोटं, वळणारा.
त्यांनी कॅमेरा लावला, आतल्या बोळात टीव्ही,
आणि पिंपावर बॅटीचे दणके.
दोन दणके: थांब, वळणार आहे.
दणका नाही: सरळ येतोय, हाण.
म्हणजे त्यांची शांतताही खूणच होती.
हे कळल्यापासून मला
स्टेडियममधली कुठलीच शांतता निर्मळ वाटत नाही.

हागोप ग्लेन्डेलमध्ये घड्याळं दुरुस्त करतो,
भांडणसुद्धा त्याला मागचं झाकण उघडून बघायचं असतं.
"बेस चोरला की आपणच नाचतो," तो म्हणतो,
"दुसऱ्या बेसवर उभं राहून डोळ्यांनी खूण टिपली
तर त्याला हुशारी म्हणतो.
मग चोरी सुरू कुठे होते? वायरीत?"
"वायरीत," एल्पिडिओ म्हणतो,
आणि शेंगांची टरफलं बुटाखाली चुरडत राहतो.

त्याचं दुखणं वेगळं आहे. मला ठाऊक आहे.
त्या शेवटच्या सामन्याला
वेल्डिंगचं यंत्र विकून त्यानं दोन तिकिटं घेतली होती.
येसेनिया नऊ वर्षांची. हरल्यावर तिनं
रेलिंगला डोकं टेकून भोकाड पसरलं.
खाली ते एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते,
आणि यानं तिचे दोन्ही तळहात धरून सांगितलं,
ते आज आपल्यापेक्षा चांगले खेळले. टाळ्या वाजव.
तिनं वाजवल्या. हुंदके देत, पण नीट,
शाळेत शिकवल्यासारख्या.

दोन वर्षांनी सगळं बाहेर आलं.
माफ्या मागून झाल्या, कागदावर लिहून आणलेल्या.
चषक त्यांच्याकडेच राहिला.
टाळ्याही.

येसेनिया आता सतराची, रांगेच्या टोकाला, फोनमध्ये.
सातव्या डावात त्यानं विचारलंच,
आठवतं का गं, तेव्हा मी तुला काय करायला लावलं होतं?
ती म्हणाली, "मला नाचोज आठवतात.
चीज तुझ्या बाहीवर सांडलं होतं."
तो कितीतरी वेळ बाही बघत बसला.
शर्ट वेगळाच होता.

आज आम्ही जिंकलो, सहा-एक.
कुणाच्याच पोटात थंडावा नाही.

परतताना टेकडीचा उतार, दोरीची गाठ सैल झालेली,
टपावर पिंप आपटतं:
ढब. ढब.
एल्पिडिओ दातओठ खातो.
येसेनिया फोन मांडीवर पालथा ठेवते
(मी मागच्या सीटवरून आरशात पाहिलं तिला),
"पपा," म्हणते, "दोनदा वाजलं.
हळू घे.
पुढे वळण आहे."