विसावा

एदिलिया, तो स्टोव्ह पायाशी ओढ आणि बस.
फेरीची बोट आज दोन तास उशिरा लागली,
बेटांमधल्या पाण्यात वारा होता,
डॉक्टर सगळी वाट ओकत आला.
मी नाही. एकोणीस वर्षं झाली,
मी सुईण याच पाण्यावरची.

हा घे तुझा छापील कागद, सांतियागोहून येतो.
विसावा आठवडा : बाळ आता केळ्याएवढं.
आपियाओवर केळं पोचतं ते काळं पडून,
म्हणून मी म्हणते, दोन बटाट्यांएवढं,
ते लांबट जांभळे, तुझी सासू राखेत भाजते ते,
एकापुढे एक ठेवलेले.

कागद म्हणतो, डाव्या कुशीवर झोपा.
तुझ्या खाटेच्या डावीकडे भिंत, भिंतीत फट,
फटीतून समुद्राचा गारठा थेट तोंडावर.
मग उशी दुसऱ्या टोकाला घे,
नोल्बेर्तोला भिंतीकडे घाल.
तो दिवसभर शिंपल्यांच्या तराफ्यावर गारठतोच,
आणखी थोडा गारठेल.

पोटरीत रात्री गोळा येईल. अंगठा वर खेच.
स्वप्नं पडतील, मेलेली माणसं जेवायला येतील,
त्यांना वाढ, उठल्यावर विसर.
बेंबीखाली एक काळी रेघ उतरेल,
ती धुऊन जात नाही, घासू नकोस.
हिरड्यांतून रक्त आलं तर घाबरू नकोस.
खालून आलं तर मात्र
सकाळची, सासूची, कुणाचीही वाट पाहू नकोस,
शाळेतल्या रेडिओवर मला हाक मार.

अजून हललं नाही म्हणतेस.
पहिलटकरणीला ते ओळखूच येत नाही.
दारावर थाप पडल्यासारखं नसतं ते.
ओहोटीला ओल्या वाळूवरून जाताना
पायाखालून शिंपली पाण्याची चिळकांडी उडवते,
तू वाकून बघेपर्यंत आत गेलेली असते,
तसं.
टोपली घेऊन फिरणारीला आणखी काय सांगू?

यंत्राची बॅटरी बोटीतच संपली.
मग हा लाकडी कर्णा, माझ्या गुरुणीचा,
कडेला तिच्या दातांची खूण आहे, का ते विचारू नकोस.
शाळेतल्या पोरांनो, गप्प.
कोंबड्याला कुणीतरी बाहेर न्या.
डॉक्टर, तुम्हीसुद्धा.

…

आहे.
तुझ्या ठोक्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने,
उशीर झालेल्या माणसासारखं.

दोन्या एर्मेलिंदाही वाकल्या,
आधी बहिरा कान लावला, मग दुसरा,
कर्णा बोटभर चुकीच्या जागी.
बराच वेळ तशाच राहिल्या, डोळे मिटून,
मग म्हणाल्या, "ऐकू आलं. अगदी त्याच्या आजोबांसारखं."
मी कर्णा सरकवला नाही.

अर्धे दिवस भरले.
शिंपल्यांची टोपली आता दुसऱ्या कुणाच्या पाठीवर.
खाली वाक, पण गुडघ्यातून.
हस, नोल्बेर्तोने बोटावर महिने मोजले की हस,
तो दर वेळी एक विसरतो.

किती राहिलं, विचारतेस?
आलीस तेवढंच.

भोंगा वाजला, मला अलाओ गाठायचंय.
कागद चुलीत घालू नकोस, मागची बाजू कोरी आहे,
पहिल्यांदा हललं की तारीख लिही,
भरती होती की ओहोटी तेही.
पुढच्या फेरीला येईन.
वारा असला तर त्याच्या पुढच्या.