दाराच्या चौकटीवर

तीन दिवस ते पत्र बाल्तझारच्या खिशात;
मासळीचा वास लागला त्याला.
आज ओर्ताच्या धक्क्यावर, जाळ्याची गाठ सोडवता सोडवता
पाठ केलेलं वाक्य त्याच्याच्यानं अर्धंच निघालं:
"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुला ऑटिझम आहे. म्हणजे..."

तेल्मूची नजर पिको बेटावरून येणाऱ्या बोटीवर.
"तापासारखं, की उंचीसारखं?"

गोंगाटाचं उत्तर होतं बापाकडे,
मोज्याच्या टोचणाऱ्या शिवणीचं होतं,
हे नव्हतं.
बऱ्याच वेळानं म्हणाला, "उंचीसारखं."

"मग खूण कर."

रात्री दाराच्या चौकटीवर,
एकशे एकतीसच्या रेघेशेजारी,
बापानं पेन्सिलीनं तो शब्द लिहिला. चुकीचा.
तेल्मूनं खोडून नीट केला.
म्हणाला, "बोट आज सहा मिनिटं उशिरा आली."

"सात," बाप पटकन म्हणाला.