मागे कांचनगंगा

बाबांच्या शेवटच्या एलटीसीत
आम्ही कांचनगंगा बघायला गेलो.
निघायच्या आधी महिनाभर
रोज पहाटे पर्वती चढलो, सराव म्हणून,
स्वेटर घालून, एप्रिलात.
पायऱ्यांवर कुणी हटकलंच, तब्येत बरी आहे ना,
तर बाबा म्हणायचे, कांचनगंगा,
कुठे निघालात विचारल्यावर
मंडई म्हणावं तसं.

खडकीच्या फॅक्टरीत तेहतीस वर्षं
एकाच मापाच्या पितळी नळ्या तपासलेला माणूस.
त्याला एकदा
मापात न बसणारं काहीतरी बघायचं होतं.

दार्जिलिंगला चार दिवस धुकं.
चारही पहाटे साडेतीनला जीप,
कानटोप्या, निरंजनची उलटी,
थर्मासच्या झाकणातून पाळीपाळीने चहा,
आणि समोर ताक.
पातळ, घुसळलेलं, नजर जाईल तिथवर ताक.
जीपवाला म्हणाला, है साहब, उधर ही है.
बाबांनी त्या उधरकडे पाठ करून
आम्हाला उभं केलं, आणि फोटो काढला.

फोटो अजून शोकेसमध्ये आहे.
पाठीवर बाबांचं फॅक्टरीतलं ठसठशीत अक्षर:
डावीकडून निरंजन, मी, कुमुदमावशी. मागे कांचनगंगा.
पाहुणे हातात घेतात, डोळ्यांजवळ नेतात,
चष्मा पुसतात,
छान आलाय म्हणून परत ठेवतात.

आई त्यात नाही.
गुडघा सुजला म्हणून त्या दिवशी ती हॉटेलवरच होती.

बाबांचं वर्षश्राद्ध झालं त्याच्या पुढच्या गुरुवारी
बिबवेवाडीत सकाळपासून लाइट नव्हते.
आई म्हणाली, बरंच झालं, फ्रीज तरी धुऊन काढू.
फ्रीझर उघडला.
कडेकडेने चढत गेलेला बर्फ,
त्यात रुतून बसलेली मटारची पिशवी,
आणि गॅलरीतून आलेलं तिरपं ऊन
नेमकं वरच्या टोकावर.
आई उलथनं हातात धरून थांबली.
हे अस्संच होतं, म्हणाली.
काय?
ते.

मोजे धूत होते गं.
वाफ जावी म्हणून बाथरूमची वरची काच ढकलली
तर समोर.
आधी वाटलं, कुणीतरी गच्चीवर चादर वाळत घातलीय.
मग ती गुलाबी झाली.
मग वाटलं, एवढी मोठी चादर कुणाची असेल?
दुसरा मोजा पिळेपर्यंत होतं. मग गेलं.

आणि बाबांना सांगितलं नाहीस?

ते आले, कानटोपी न काढताच कॉटवर बसले.
म्हणाले, नशीब.
मी म्हटलं, हो ना.
काय सांगायचं होतं? मोरीतून दिसलं म्हणून?

अकरा वर्षं.
अकरा वर्षं ती त्या फोटोवरची धूळ पुसत होती.

मी फोटो आणला.
तिने ओला हात पदराला पुसला,
निरंजनच्या टोपीपाशी नख टेकवलं.
इथून निघत होतं, म्हणाली,
मावशीच्या डोक्यावरून असं,
मग थोडं खाली, मग परत वर.
नख पांढऱ्यावरून चढत गेलं,
फोटोची कड आली, फोटो संपला,
तरी हात चढतच राहिला,
फ्रीजच्या दारावरून, भिंतीवरून,
कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत.
तिथे पोचायला तिने टाचा उचलल्या,
त्या गुडघ्यावर.

मग म्हणाली, पाणी बघ,
ट्रे भरून वाहतोय.